घड्याळ एकाच्याच हातात: एका वर्कफ्लोतून दुसरा बोलावणं आणि वेळेवर लावणं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचं किंवा उद्यमनगरातल्या मशीन शॉपचं ऑफिस घ्या. तिथं साधारण चार वर्कफ्लो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांच्या साखळ्या, चालू असतात. माल गेला की गिऱ्हाइकाला बिलाचा मेसेज, पैसे यायची वेळ झाली की आठवण, सकाळी मालकाला कालच्या डिस्पॅचचा हिशेब आणि पावसाळ्यात पंचगंगेच्या पाणीपातळीवर नजर. चारही ठिकाणी शेवटचं काम एकच असतं, कुणाला तरी व्हॉट्सअ‍ॅप जातं. ते पाठवायचे सहा-सात नोड (साखळीतल्या पायऱ्या) पहिल्या वर्कफ्लोतून उचलून बाकी तिन्हींत चिकटवलेले असतात. मेसेजसेवेचं टोकन (परवान्याचा संकेत) बदललं की चार ठिकाणी बदलायचं, आणि चौथं हमखास राहतं.

उपाय सगळ्यांना ठाऊक असतो. ते नोड एका वेगळ्या वर्कफ्लोत काढायचे आणि बाकीच्यांनी त्याला हाक मारायची. कायद्यात पोटकलम असतं, वहीत पोटखातं असतं, तसा हा पोट-वर्कफ्लो, आणि त्याला हाक मारणारा तो मुख्य वर्कफ्लो. खरी अडचण पुढच्या पायरीला येते. 'आत्ता बोलाव' आणि 'तीस दिवसांनी बोलाव' ही दोन कामं वरून सारखी दिसतात, म्हणून लोक ती एकाच पद्धतीनं करायला जातात. पहिलं काम म्हणजे हाक मारणं, दुसरं म्हणजे वहीत टिपून ठेवणं. दोन्हींची रचना वेगळी लागते.

इथली उदाहरणं एन-एट-एन (n8n) या साधनातली आहेत, कारण स्वतःच्या मशीनवर फुकट बसवता येतं म्हणून लहान ऑफिसांत तेच जास्त दिसतं. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ऑटोमेटमध्ये हेच काम चाइल्ड फ्लो करतो. फक्त तिथं मुख्य आणि पोट-फ्लो दोन्ही एका सोल्यूशनमध्ये असावे लागतात, नाहीतर बोलावण्याची कृती वापरताच येत नाही.

आधी नुसतं बोलावणं

पोट-वर्कफ्लोची सुरुवात 'व्हेन एक्झिक्यूटेड बाय अनदर वर्कफ्लो' या ट्रिगरनं (वर्कफ्लो सुरू करणाऱ्या नोडनं) होते आणि मुख्य वर्कफ्लोत 'एक्झिक्यूट सब-वर्कफ्लो' हा नोड बसतो. ट्रिगरमध्ये इनपुट कसे घ्यायचे ते विचारलं जातं: फील्ड नावानिशी लिहायची, नमुन्याचा जेसन (माहिती लिहायचा ठरलेला साचा) द्यायचा, की येईल ते सगळं घ्यायचं. तिसरा पर्याय सोपा वाटतो म्हणून बहुतेक जण तोच निवडतात. निवडू नका. फील्ड नावानिशी लिहिली की मुख्य वर्कफ्लोतल्या नोडवर तीच नावं भरायला समोर येतात आणि सहा महिन्यांनी दुसरा कुणी उघडेल त्याला काय द्यायचं ते कळतं. मेसेज पाठवणाऱ्या पोट-वर्कफ्लोला पाच फील्ड पुरतात: मोबाइल, टेम्प्लेटचं नाव, टेम्प्लेटमधल्या रिकाम्या जागांचा मजकूर, किल्ली आणि चाचणी. शेवटच्या दोन्हींकडे पुढं येतो.

प्रकार निवडताना मोबाइल आणि बिल नंबर दोन्ही स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, ठेवा. बिल नंबर आकडा म्हणून घेतला की '००४५' चा ४५ होतो आणि मग शीटमध्ये शोधताना सापडत नाही.

पुढचा प्रश्न: सगळे आयटम (एकेक नोंद, इथं एकेक बिल) एकदम द्यायचे की एकेका आयटमसाठी पोट-वर्कफ्लो पुन्हा पुन्हा चालवायचा? नोडमध्ये दोन्ही सोयी आहेत. पोट-वर्कफ्लो 'एका बिलाचा' विचार करून लिहिला असेल, तर एकेक आयटमचा मोड लावा. चाळीस बिलं असली तर चाळीस एक्झिक्यूशन (वर्कफ्लोच्या फेऱ्या) होतील, वेळ जास्त लागेल, पण सतराव्या बिलाला चूक झाली तर यादीत ती वेगळी दिसेल. फक्त पोट-वर्कफ्लोच्या आत गूगल शीट वाचत असाल तर जपून. गूगल शीटच्या एपीआयला एका वापरकर्त्यामागे मिनिटाला ६० वाचनं एवढीच मुभा आहे, प्रत्येक प्रोजेक्टला ३००. ऐंशी बिलांसाठी ऐंशी वेळा शीट वाचली की साठीच्या आसपास ४२९ ही मर्यादा ओलांडल्याची चूक येते. ती नेमकी महिन्याच्या शेवटी येते, कारण बाकीच्या दिवशी बिलं तेवढी नसतात. शीट मुख्य वर्कफ्लोत एकदाच वाचा आणि लागेल तेवढाच तुकडा आत द्या.

'वेट फॉर सब-वर्कफ्लो कम्प्लीशन' हा खटका सगळ्यात महत्त्वाचा. चालू असला तर मुख्य वर्कफ्लो पोट-वर्कफ्लो संपेपर्यंत थांबतो आणि त्याचं उत्तर हातात घेऊन पुढं जातो. बंद असला तर हाक मारून चालता होतो, मागं काय झालं त्याला कळत नाही. नियम सरळ आहे: पोट-वर्कफ्लोच्या उत्तरावर पुढचं काही अवलंबून असेल तर चालू, नसेल तर बंद. पण बंद ठेवलात तर चूक झाल्याची नोंद करायची जबाबदारी पोट-वर्कफ्लोवर येते. मेसेज पाठवणाऱ्या नोडच्या सेटिंगमध्ये चूक झाल्यावर थांबायचं की चुकांसाठीच्या वेगळ्या वाटेनं पुढं जायचं ते निवडता येतं. ती वेगळी वाट उघडा आणि तिच्यावर 'अमुक बिलाचा मेसेज गेला नाही, कारण हे' एवढं लिहिणारा नोड लावा.

उत्तर म्हणून मुख्य वर्कफ्लोला मिळतं ते पोट-वर्कफ्लोतल्या शेवटी चाललेल्या नोडचं आउटपुट. इथं दोन खड्डे आहेत. शेवटचा नोड मेसेज पाठवणारा असेल, तर परत येतो तो व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरचा लांबलचक प्रतिसाद, ज्यात तुमचा बिल नंबर कुठंच नसतो. म्हणून शेवटी एक 'एडिट फील्ड्स' नोड ठेवा आणि तीनच गोष्टी परत द्या: किल्ली, झालं की नाही, नसेल तर कारण. आत दोन फाटे असतील तर दोन्ही याच नोडला आणून जोडा. दुसरा खड्डा जास्त फसवा. पोट-वर्कफ्लोनं शून्य आयटम परत दिले, तर मुख्य वर्कफ्लोतले पुढचे नोड चालतच नाहीत आणि एक्झिक्यूशनच्या यादीत मात्र हिरवी खूण दिसते. 'आज पाठवायचं काहीच नव्हतं' आणि 'मध्येच अडकलं' यात फरक दिसत नाही. बोलावणाऱ्या नोडवर 'ऑलवेज आउटपुट डेटा' चालू केलं की निदान एक रिकामा आयटम पुढं जातो, आणि त्यावर अट लावता येते.

कमी परत देण्याला आणखी एक कारण आहे. मुख्य वर्कफ्लो थांबलेला असताना पोट-वर्कफ्लोनं परत दिलेलं सगळं त्याच्या मेमरीत साचत जातं. बिलाच्या पीडीएफ परत करणारा पोट-वर्कफ्लो लहान सर्व्हरला एखाद्या दिवशी बंद पाडतो. पीडीएफ आतच कुठं ठेवायची ती ठेवा, बाहेर फक्त तिचा पत्ता द्या.

कोण बोलावू शकेल याचं बंधनही पोट-वर्कफ्लोच्या सेटिंगमध्ये असतं. पैशाशी किंवा मेसेजशी संबंध असेल तिथं ठरावीक वर्कफ्लोंची यादी द्या. आणि दोन वर्कफ्लो एकमेकांना बोलावत नाहीत ना, ते कागदावर बाण काढून एकदा बघा. चूक झाल्याची सूचना पाठवणारा वर्कफ्लो मेसेजसाठी त्याच पोट-वर्कफ्लोला हाक मारतो, आणि मेसेजच जात नसेल तर तोही चुकतो, असा फेरा सहज तयार होतो. चूक झाल्याची सूचना वेगळ्या वाटेनं, म्हणजे साध्या ई-मेलनं पाठवा.

आता वेळेचं

वेळ लावायचे तीन मार्ग दिसतात, त्यातले दोन मोहाचे आहेत.

पहिला मोह म्हणजे पोट-वर्कफ्लोतच शेड्यूल ट्रिगर बसवणं. एका वर्कफ्लोत दोन ट्रिगर चालतात, त्यामुळे तक्रार येत नाही. पण घड्याळानं चालला की इनपुटची पाचही फील्ड रिकामी असतात. मग 'मोबाइल रिकामा असेल तर शीटमधून घे' अशा अटी आत शिरतात, आणि दोन वर्षांनी पोट-वर्कफ्लोत कामाचे नोड सात आणि अटींचे वीस होतात. कोणी बोलावलं आणि किती वाजता बोलावलं, हे पोट-वर्कफ्लोला कळायची गरजच नसावी. घड्याळ हवं तर दोन नोडचा एक पातळ वर्कफ्लो करा: शेड्यूल ट्रिगर, आणि त्याला जोडलेला बोलावणारा नोड.

शेड्यूल ट्रिगर वर्कफ्लो अ‍ॅक्टिव्ह केल्याशिवाय चालत नाही, नुसतं सेव्ह करून भागत नाही. तुमच्या आवृत्तीत पब्लिशचं बटण असेल तर बदल केल्यावर तेही दाबायचं. टाइमझोनही तपासा. स्वतः बसवलेल्या एन-एट-एनचा मूळ टाइमझोन न्यूयॉर्कचा असतो. संध्याकाळी आठला लावलेला हिशेब आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला येतो. नोव्हेंबरात तिकडं घड्याळं तासभर मागं जातात, तेव्हापासून साडेसहाला. उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा असं दिसलं की दुसरं काही शोधत बसू नका. सर्व्हर चालू करताना जेनेरिक टाइमझोन हा व्हेरिएबल 'एशिया/कोलकाता' द्यायचा, आणि वर्कफ्लोच्या सेटिंगमध्येही तोच दिसतोय ना ते बघायचं.

दुसरा मोह म्हणजे वेट नोड. माल गेला, वेट तीस दिवस, मग आठवणीचा पोट-वर्कफ्लो. दिसायला देखणं. ६५ सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर एन-एट-एन ते एक्झिक्यूशन डेटाबेसमध्ये ठेवून देतं आणि वेळ झाली की उचलतं, त्यामुळे सर्व्हर मधे बंद पडून चालू झाला तरी ते हरवत नाही. दहा मिनिटांनी, तासाभरानं पुन्हा प्रयत्न करायचा असेल तर वेट उत्तमच. पण तीस दिवस थांबलेल्या एक्झिक्यूशनच्या पोटात तीस दिवसांपूर्वीची माहिती असते. मधे गिऱ्हाइकानं निम्मे पैसे दिले, माल परत आला, मोबाइल बदलला, तरी त्याच्या हातात जुनाच कागद. शिवाय दीडशे एक्झिक्यूशन थांबलेली असताना 'अमुक पार्टीच्या आठवणी थांबवा' असं मालकानं सांगितलं, तर त्यातलं कुठलं त्या पार्टीचं ते हुडकत बसावं लागतं. आणि एक बारीक गोष्ट: वेट नोड वेळ मोजताना सर्व्हरचं घड्याळ धरतो, वर्कफ्लोला लावलेला टाइमझोन त्याला लागू होत नाही.

तिसरा मार्ग दुकानदाराचा आहे. उधारीची वही. कधी, कुणाला, काय सांगायचं ते एका ओळीत लिहून ठेवायचं आणि दर ठरावीक वेळानं वही उघडून 'आज कुणाची पाळी' बघायचं. मुख्य वर्कफ्लो वहीत ओळी लिहितो आणि मोकळा होतो. घड्याळ लावलेला एकच वर्कफ्लो, त्याला पहारेकरी म्हणू, वही वाचतो आणि वेळ झालेल्या ओळींसाठी पोट-वर्कफ्लोला बोलावतो. सगळ्या ऑफिसात घड्याळ असलेला वर्कफ्लो शक्यतो हा एकच.

एक बिल जवळून

माल १२ जूनला पोचला. मुख्य वर्कफ्लो वहीत तीन ओळी टाकतो: १२ जुलै, २२ जुलै आणि २७ जुलै. म्हणजे तिसावा, चाळिसावा आणि पंचेचाळिसावा दिवस. पंचेचाळीसचा आकडा कायद्यातून येतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याच्या कलम १५ नुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराशी लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि करारच नसेल तर १५ दिवस. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकराच्या ४३ब(एच) या कलमानं याला धार आली: मुदत उलटली तर गिऱ्हाइकाला तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी धरता येतो. म्हणून दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्यापासून, बिलाच्या तारखेपासून नव्हे. पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस. मुख्य वर्कफ्लोत 'बिल तारीख' न घेता 'पोच तारीख' घ्या, आणि करार नसलेल्या पार्टीसाठी ओळींचे दिवस वेगळे, दहावा आणि पंधरावा, असे पार्टीच्या नोंदीतून उचला.

तारखेत एक सापळा रात्रपाळीचा. गाडी रात्री दोनला सुटली आणि नोंद यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) झाली, तर तारीख आदल्या दिवशीची पडते. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या पट्ट्यातल्या प्रत्येक डिस्पॅचला हा एक दिवसाचा फरक येतो. तारीख काढताना आधी टाइमझोन लावायचा, मग तारखेचा भाग कापायचा. उलटं केलं की चुकलंच.

वहीतल्या ओळीचे रकाने असे: कुठला पोट-वर्कफ्लो, बिल नंबर, कधी, स्थिती, प्रयत्न, किल्ली, कधीपर्यंत आणि शेवटची चूक. रक्कम आणि मोबाइल मुद्दाम नाहीत. ते आठवणीच्या पोट-वर्कफ्लोनं पाठवायच्या क्षणी बिल नंबरावरून काढायचे, आणि बाकी शून्य असेल तर मेसेज न पाठवता 'गरज नाही' असं उत्तर द्यायचं. वेट नोडचं दुखणं इथंच बरं होतं. पार्टीच्या आठवणी थांबवायच्या तर चार ओळींची स्थिती बदलली की झालं, वर्कफ्लोला हात लावायचा नाही.

किल्ली म्हणजे बिल नंबर आणि टप्पा जोडून केलेलं नाव, समजा '००४५-३०'. मुख्य वर्कफ्लो कुणी चुकून दोनदा चालवला, तरी ही किल्ली आधीच आहे म्हणून दुसरी ओळ पडू द्यायची नाही. वही पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये असेल तर त्या रकान्याला युनिक बंधन घाला, डेटाबेसच अडवतो. शीट असेल तर लिहिण्याआधी शोधावं लागतं.

पहारेकरी दर १५ मिनिटांनी उठतो आणि दोन अटी लावतो: स्थिती 'बाकी' आहे, आणि 'कधी'ची वेळ आत्ताच्या वेळेइतकी किंवा तिच्या आधीची आहे. 'आज सकाळी दहाच्या' अशी बरोबरीची अट घालू नका. शेड्यूल ट्रिगर चुकलेली वेळ भरून काढत नाही. दहाला लाइट नव्हती आणि मशीन बंद होतं, तर त्या दिवशीचं दहा कायमचं गेलं. 'आत्तापर्यंतच्या सगळ्या' अशी अट असली की सव्वाअकराला मशीन उठल्यावर राहिलेल्या ओळी आपोआप उचलल्या जातात.

याच सोयीचा उलटा त्रासही होतो. मशीन रात्री अडीचला उठलं तर गिऱ्हाइकाला रात्री अडीचला पैशाची आठवण जाते. पहारेकऱ्याच्या सुरुवातीलाच अट हवी, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या बाहेर असेल तर काही न करता थांब. साप्ताहिक सुट्टीचा दिवसही इथंच अडवा, पोट-वर्कफ्लोत नको. 'कधीपर्यंत' हा रकाना किती उशीर चालेल ते सांगायला आहे. आठवण दोन दिवस उशिरा गेली तरी चालते, पण 'गाडी अर्ध्या तासात पोचते' हा मेसेज दुसऱ्या दिवशी गेला तर फोन येतात. त्या ओळीला 'कधीपर्यंत' दोन तासांचं, आठवणीला पाच दिवसांचं. उलटून गेलेल्या ओळीची स्थिती 'शिळं' करून बाजूला ठेवायची.

दोनदा मेसेज जाण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे पहारेकरी स्वतःवरच चढतो. शेड्यूल ट्रिगर मागची फेरी संपली का ते बघत नाही, वेळ झाली की दुसरी सुरू करतो. एका मेसेजला चार सेकंद आणि साठ मेसेज असले तर चार मिनिटं झाली. फेरी पंधराऐवजी पाच मिनिटांची ठेवली तर मोकळीक एकच मिनिट, आणि व्हॉट्सअ‍ॅपचा सर्व्हर जरा मंद असला की दुसरी फेरी त्याच ओळी पुन्हा उचलते. म्हणून ओळ वाचल्यावर पहिलं काम तिची स्थिती 'घेतली' करणं, बोलावणं त्यानंतर. पोस्टग्रेसमध्ये वाचणं आणि खूण करणं एकाच क्वेरीत होतं. 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' लावलं की एका फेरीनं धरलेली ओळ दुसरीला दिसतच नाही. ही सोय ९.५ आवृत्तीपासून आहे. शीटमध्ये असं कुलूप नाही. तिथं फेरी लांब ठेवा आणि एका फेरीत जास्तीत जास्त तीस ओळी उचला. सर्व्हरवर एकावेळी चालणाऱ्या एक्झिक्यूशनची मर्यादा घातली तर यातून सुटका होईल असं वाटतं, पण ती मर्यादा ट्रिगर आणि वेबहुकनं (बाहेरून आलेल्या हाकेनं) सुरू झालेल्यांना लागते, पोट-वर्कफ्लोंना लागत नाही.

पहारेकरी पोट-वर्कफ्लोला बोलावताना थांबण्याचा खटका चालूच ठेवतो, कारण उत्तर बघून स्थिती लिहायची असते: 'झालं', 'गरज नाही' किंवा पुन्हा 'बाकी'. पुन्हा 'बाकी' करताना प्रयत्नाचा आकडा एकनं वाढवायचा आणि 'कधी' पुढं ढकलायचं. पहिल्या अपयशानंतर पंधरा मिनिटं, दुसऱ्यानंतर दोन तास, तिसऱ्यानंतर स्थिती 'अडलं' आणि ऑफिसला ई-मेल. वेगळा वेट नोड लागत नाही, वहीच ते काम करते. बोलावणाऱ्या नोडवर चूक झाली तरी पुढं जायचं असं सेटिंग हवं, नाहीतर सतराव्या ओळीच्या चुकीनं अठराव्यापासूनच्या सगळ्या ओळी 'घेतली' म्हणून पडून राहतात.

पडून राहिलेल्या ओळी सोडवायला रोज सकाळी एक फेरी ठेवा: 'घेतली' होऊन तासापेक्षा जास्त झालं असेल तर ती यादी माणसाला दाखव. आपोआप 'बाकी' करू नका. मेसेज गेला आणि स्थिती लिहायच्या आधी मशीन बंद पडलं, असं असू शकतं. तेव्हा आधी मेसेजच्या नोंदीत ती किल्ली आहे का बघायचं, मगच ठरवायचं.

मेसेजबद्दल एवढंच: गिऱ्हाइकानं शेवटचा मेसेज केल्याला २४ तास उलटले असतील, तर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवरून मंजूर टेम्प्लेटच पाठवता येतं, मोकळा मजकूर जात नाही. तीस दिवसांची आठवण नेहमी याच गटात पडते. चाचणी करताना आपण आत्ताच त्या नंबरवरून 'हाय' केलेलं असतं, म्हणून मोकळा मजकूर जातो आणि सगळं बरोबर वाटतं.

घड्याळाचा वेगच बदलायचा असेल तर

पाणीपातळीचं प्रकरण वेगळं. राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या नदीकाठच्या गोडाऊनवाल्याला हे दोन आकडे पाठ असतात. आकडा ऑफिसातला माणूस प्रशासनाच्या बातमीवरून शीटमध्ये टाकतो, वर्कफ्लो तो वाचतो. उन्हाळ्यात दिवसातून एकदा बघितलं तरी पुरे, पाणी चढत असलं की पाव तासाला बघायला हवं.

इथं मनात येतं की शेड्यूल ट्रिगरमधल्या क्रॉनमध्ये (वेळापत्रकाच्या सूत्रात) व्हेरिएबल ठेवावा आणि दुसऱ्या वर्कफ्लोनं तो बदलावा. चालत नाही. ती किंमत वर्कफ्लो अ‍ॅक्टिव्ह होताना एकदाच वाचली जाते. नंतर व्हेरिएबल कितीही बदला, घड्याळ जुन्याच वेगानं चालतं, आणि चूक म्हणून काही दिसत नाही. वेग कायम १५ मिनिटांचाच ठेवायचा आणि दारात राखणदार बसवायचा. शीटमध्ये 'पुढं कधी' असा एक रकाना. आत्ताची वेळ त्याच्या आधीची असेल तर वर्कफ्लो तिथंच संपतो. नसेल तर पातळी वाचतो, पोट-वर्कफ्लोला देतो, आणि परत आलेल्या उत्तराप्रमाणे 'पुढं कधी' लिहितो: ३५ फुटांखाली सहा तासांनी, ३५ ते ३९ मध्ये तासानं, त्यावर पाव तासानं. पस्तीसचा आकडा आपला आपण ठरवायचा, गोडाऊन कुठल्या गल्लीत आहे त्यावर.

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की उघडतात, तिथं घड्याळाचा संबंधच नाही. ज्यांच्याकडे आकडा स्वतःहून येतो, म्हणजे सेन्सर वेबहुकवर ढकलतो, त्यांनी हे शेड्यूल काढून टाकावं आणि वेबहुकमधून थेट पोट-वर्कफ्लोला बोलवावं. आपण विचारायला जातो म्हणून आपल्याला राखणदार लागतो.

पातळी ठरवणाऱ्या पोट-वर्कफ्लोत एक चूक इतकी सरसकट होते की ती उघडून दाखवतो. बातमीत '३८ फूट ११ इंच' असं असतं. शीटमध्ये ते ३८.११ म्हणून भरलं जातं. '३८ फूट ६ इंच' ३८.६ होतं. मग वर्कफ्लोच्या लेखी पाणी ३८.६ वरून ३८.११ ला, म्हणजे उतरलं. प्रत्यक्षात ते पाच इंच चढलेलं असतं, आणि इशारा पातळीला एक इंच उरलेला असतो. फूट आणि इंच दोन वेगळ्या रकान्यांत घ्या आणि आत सगळं इंचांत करा: ३९ फूट म्हणजे ४६८, ४३ फूट म्हणजे ५१६, आणि तो ३८ फूट ११ इंच म्हणजे ४६७. तुलना नेहमी या आकड्यांची. मेसेजमध्ये लिहिताना परत फूट-इंच करायचं, कारण '४६७ इंच' वाचून कुणी खालच्या फळीवरची पोती वर उचलणार नाही.

पाणी ३९ च्या आसपास रेंगाळलं की एक इंच वर, एक इंच खाली होतं आणि दर पाव तासाला 'ओलांडली', 'खाली आली' असे मेसेज सुटतात. मागची अवस्था शीटमध्ये ठेवा. 'इशारा' अवस्थेत जाताना ४६८, पण तिच्यातून बाहेर पडताना ४६२, म्हणजे साडेअडतीस फूट. मेसेज फक्त अवस्था बदलली तरच. आकडा तीन तासांत कुणी भरलाच नसेल तर तीही एक अवस्था धरा, 'नोंद नाही', आणि तिचा मेसेज आकडा भरणाऱ्याला पाठवा. पातळी स्थिर आहे आणि पातळी कुणी टाकली नाही, हे शीटमध्ये हुबेहूब सारखं दिसतं.

चाचणी

एडिटरमध्ये मुख्य वर्कफ्लोतला बोलावणारा नोड नुसता तपासायला म्हणून चालवला, तरी पोट-वर्कफ्लो खराच चालतो आणि मेसेज खराच जातो. 'चाचणी' हे इनपुट त्यासाठी. ते खरं असेल तर आत मोबाइलच्या जागी ऑफिसचा नंबर आणि किल्लीच्या पुढं 'चाचणी' लागतं. उलट, एरर ट्रिगरवर बांधलेला, चूक कळवणारा वर्कफ्लो हातानं चालवलेल्या एक्झिक्यूशनसाठी धावत नाही. तो तपासायचा तर चूक मुद्दाम घालून, घड्याळ दोन मिनिटं पुढचं लावून, अ‍ॅक्टिव्ह करून वाट बघावी लागते.

वहीची चाचणी सोपी: 'कधी' कालची घातलेली एक ओळ, उद्याची घातलेली एक, कालचीच पण 'कधीपर्यंत' उलटलेली एक, आणि बाकी शून्य असलेल्या बिलाची एक. पहारेकरी दोनदा चालवा. पहिल्या फेरीनंतर स्थिती अनुक्रमे 'झालं', 'बाकी', 'शिळं' आणि 'गरज नाही' यायला हवी, आणि दुसऱ्या फेरीत एकही ओळ हलता कामा नये. दुसऱ्या फेरीत मेसेज गेलाच, तर 'घेतली' ची खूण बोलावण्याच्या आधी होते की नंतर, ते बघा.